परक्या विमानांची कथा : युद्धकथनातील शौर्यकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील युद्धविषयक लेखन, मूळ असो वा अनुवादित, बहुतांशी सेनानी, वैमानिक आणि हेर यांच्याभोवती फिरते. महाविद्यालयीन ग्रंथालयांत या लेखनाला चांगला वाचक आहे. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावातील विद्यार्थ्याच्या मनातही दुसऱ्या महायुद्धाचे चित्र घडते ते बरेचसे अशाच पुस्तकांतून. त्यामुळे या कथनात शौर्य कशाला म्हटले जाते, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच शैक्षणिकही आहे. प्रस्तुत लेखात परक्या बॉम्बफेकी विमानांच्या वापराची दोन उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिले उदाहरण जर्मनीच्या एका गुप्त हवाई दलाचे, तर दुसरे पुण्याच्या लोहगाव तळाशी संबंधित आहे.

गुप्त दल आणि दंतकथा

१२ डिसेंबर १९४२ रोजी 'वुल्फ-हाउंड' हे अमेरिकन बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान फ्रान्समध्ये नाइलाजाने उतरले. दुरुस्त करून पुन्हा उडविता येईल अशा स्थितीत जर्मनांच्या हाती लागलेले या जातीचे हे पहिले विमान होय. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्थापन झालेल्या 'केजी २००' या गुप्त दलाने अशी पकडलेली विमाने वापरली. या वापरामागचे कारण व्यावहारिक होते. लांब पल्ल्याची चार इंजिनांची विमाने जर्मनीकडे मोजकीच होती. शत्रुप्रदेशात रात्री हेर उतरविण्यासाठी मात्र त्यांची निकड होती.

लोकप्रिय कल्पनेत या व्यवहाराला निराळेच रूप आले. पकडलेले विमान अमेरिकन ताफ्यात बेमालूम मिसळते आणि घात करते, ही दंतकथा दलाच्या प्रत्यक्ष कामापेक्षा अधिक पसरली. १९७७ मध्ये गिलमन आणि क्लाइव्ह या लेखकद्वयाची या दलावरील इंग्रजी कादंबरी आली. तिच्या शीर्षकातच दलाला 'चेहरा नसलेले' म्हटले आहे. दलातील वैमानिक पी. डब्ल्यू. स्टाल यांचे जर्मन पुस्तकही १९७७ मधलेच. त्याच्या १९८१ च्या इंग्रजी आवृत्तीच्या उपशीर्षकात 'सत्यकथा' असल्याचा दावा आहे. एकीकडे गूढाचे आकर्षण, दुसरीकडे सत्याची ग्वाही, अशा या दोन भूमिका आहेत. त्यांच्यातील वाद 'दलाने काय केले' या प्रश्नापुरता राहतो. ज्या विमानाचा निर्माता शत्रू आहे, त्याचे सुटे भाग कोठून मिळाले, ते कोणी बसविले, हा प्रश्न या वादात मागे पडतो.

कानपूर ते लोहगाव

भारतीय उदाहरणातील लिबरेटर विमाने शत्रूची नव्हती, हा भेद प्रारंभीच मान्य केला पाहिजे. ती अमेरिकन बनावटीची असून 'लेंड-लीज' करारान्वये ब्रिटिश हवाई दलाला मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत करणे किंवा निकामी करणे बंधनकारक होते. त्यानुसार कानपूरच्या तळावर ब्रिटिशांनी त्यांची हेतुपुरस्सर मोडतोड केली आणि ती तेथेच टाकून दिली. वापरता येऊ नये अशा स्थितीत हाती आलेले परके यंत्र, या दृष्टीने ती युद्धात पकडलेल्या विमानांहून अधिक अवघड होती.

ही विमाने तात्पुरती दुरुस्त करून कानपूरहून बंगळूरला उडवीत नेण्याचे काम हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. तेथे त्यांची पूर्ण पुनर्बांधणी झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनची उभारणी याच विमानांवर झाली. जानेवारी १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरसह पुन्हा उभी राहिली आणि सागरी टेहळणीचे काम करू लागली. १९६८ मध्ये ही विमाने सेवेतून निवृत्त झाली. भंगार ठरविलेल्या विमानांनी दोन दशके सेवा दिली. त्यांपैकी एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट देण्यात आले.

ही कथा सहसा मुन्शींच्या धाडसाची म्हणून, किंवा भारतीय 'जुगाडा'चा चमत्कार म्हणून सांगितली जाते. मुन्शींचे धैर्य निर्विवाद आहे. चमत्कार हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हा कारखाना स्थापन केला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाकडे सोपविण्यात आला आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील विमानांच्या दुरुस्तीचे प्रमुख केंद्र बनला. तेथे प्रथम दुरुस्त झालेले कॅटलिना विमान हे लिबरेटर बनविणाऱ्या कन्सॉलिडेटेड कंपनीचेच होते. म्हणजे १९४८ मधील यशामागे कामगारांच्या हातांत मुरलेला युद्धकाळातील अनुभव होता. त्याला चमत्कार म्हणणे म्हणजे त्या कामगारांची विद्या नाकारणे होय.

दोन कथनांतील समान उणीव

एका कथेत गुप्तता आहे, दुसरीत उघड राष्ट्राभिमान. तरीही दोन्ही कथनांत उड्डाणाचा क्षण उजळतो आणि कार्यशाळा अंधारात राहते. गुप्त दलातील नावे दडविली गेली, ती आदेशाने. बंगळूरच्या यंत्रज्ञांची नावे मात्र कोणीही दडविली नव्हती. ती विचारली गेली नाहीत, इतकेच. समीक्षेच्या दृष्टीने हे दुसरे मौन अधिक गंभीर आहे, कारण ते सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या श्रमविषयक दृष्टीतून जन्मते.

समारोप

वर्धा जिल्ह्याला हे मौन अपरिचित नाही. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचे नाव ३१ मे २०१६ च्या आगीमुळे देशभर झाले. त्या आगीत अधिकारी व जवान यांच्यासह अग्निशमन कर्मचारीही मृत्युमुखी पडले. युद्धसामग्री सांभाळणारी माणसे बहुधा अशा दुर्घटनेनंतरच समाजाला दिसतात.

युद्धकथन शिकविताना दंतकथा आणि वस्तुस्थिती वेगळी करणे आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने चिकित्सा पूर्ण होत नाही. विमान कोणी उडविले यासोबत ते उडण्याजोगे कोणी केले, हेही वर्गात विचारले गेले पाहिजे. हा प्रश्न इतिहासाच्या, साहित्याच्या आणि विज्ञानाच्या अध्यापकांनी एकत्रितपणे विचारल्यास शौर्याची आपली व्याख्या अधिक न्याय्य होईल.