रेम्ब्रांटचें ‘शंभर गिल्डरांचें चित्र’ : एकवाक्यतेचा विचार

डच चित्रकार रेम्ब्रांट यानें सुमारें १६४८ सालीं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलें हें चित्र युरोपांत किंमतीवरूनच ओळखलें जातें. अशा नांवावरून विषयाचा बोध होत नाहीं. म्हणून कित्येक वर्णनकार ‘रोग्यांस बरें करणारा ख्रिस्त’ एवढें लिहून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकास हें वर्णन अपुरें वाटतें.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय समोर ठेवून चित्र पाहावें. मध्यभागीं ख्रिस्त उभा आहे. उजवीकडील अंधारांतून रोग्यांची रीघ लागली असून त्यांतील एक तर हातगाडीवर घालून आणलेला आहे. ख्रिस्ताच्या पायांशीं एक आजारी स्त्री पडली आहे. डावीकडे, सूटपत्राच्या प्रश्नाचा पेंच टाकावयास आलेले परूशी आपसांत बोलत उभे आहेत. एक माता मूल घेऊन पुढें सरसावते, पेत्र तिला अडवितो, व ख्रिस्ताचा हात त्या मातेस जवळ बोलावितो. तेथेंच भूमीवर बसलेला उंची वस्त्रांतील तरुण तोंडावर हात ठेवून विचारांत पडला आहे. सर्वस्व दान करण्याची आज्ञा ऐकून खिन्न होणारा श्रीमंत तो हाच. आणि अगदीं उजवीकडे, कमानीपाशीं, उंट! सुईच्या नाकाचा दृष्टांत ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तें केवळ प्रवाशाचें वाहन वाटेल. रेम्ब्रांटचा समकालीन कवि वॉटरलोस यानें एका प्रतीवर लिहिलेलें डच पद्य पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यानेंहि चित्राचा अर्थ याच दिशेनें लावला आहे.

यावर आक्षेप असा कीं, अध्यायांतील प्रसंग क्रमानें घडतात. चित्रांत ते एकाच क्षणीं कसे मानावे? मीमांसकांची कसोटी येथें लावून पाहावी. अर्थ एक असावा, आणि विभाग केल्यास अवयव साकांक्ष राहावे, म्हणजे तें एक वाक्य. येथें प्रत्येक समूह ख्रिस्ताकडे कांहीं मागावयास आला आहे. कोणी आरोग्य, कोणी आशीर्वाद, कोणी वादांत जय. ख्रिस्तास वगळल्यास एकाहि समूहाची आकांक्षा पुरी होत नाहीं.

परूशी भरपूर उजेडांत असूनहि बहुतेक नुसत्या रेषांनीं काढले आहेत, आणि अंधारांतील रोग्यांस मात्र छायाप्रकाशानें पूर्ण शरीर दिलें आहे. डावी बाजू अपुरी राहिली, हें मत मला पटत नाहीं. गुडघे टेकलेल्या वृद्धेच्या जोडलेल्या हातांची सावली ख्रिस्ताच्या झग्यावर नेमकी पाडणारा कारागीर अर्धें चित्र अनवधानानें सोडील, हें संभवत नाहीं.

संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मूळ पत्रा अठराव्या शतकांत कॅप्टन विल्यम बेली याच्या हातीं गेला. त्यानें झिजलेल्या रेषा पुन्हां कोरल्या, १७७५ च्या सुमारास प्रती काढल्या, आणि मग पत्रा कापून त्याचे तुकडे स्वतंत्र छापले. ते तुकडे आजहि संग्रहांत आढळतात. त्यांतील एखादा हातीं आल्यास त्यावरून विषय ठरवूं नये.