वंशावळीत आई कुठं असते?

आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आमच्या घराण्याची वंशावळ लिहिण्यात चाळीस वर्षं घातली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या, जुने फेरफार काढले, मोडी वाचणाऱ्याकडं हेलपाटे घातले. वरवंडला तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की आण्णा दिंड्यांमधून आमच्या आडनावाचं कुणी भेटतं का शोधत फिरायचे. गेल्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले आणि वही माझ्याकडं आली, मोबाईलवर टाईप करायला. अकरा पिढ्या, एकशे सदतीस नावं, सगळी पुरुषांची. माझ्या भावाचं नाव शेवटच्या पानावर आहे. माझं नाही.

विचारलं तर म्हणाले, "तुझं सासरच्या वंशावळीत येईल की, बाई." तिथंही सुना नाहीत, हे मी पाहून आले आहे.

त्याच दिवसांत मी 'पोल्स इन इंडिया 1942–1948' वाचत होते. त्याला कारण आजोळ. माझं आजोळ कोल्हापूरकडचं, आणि तिकडं लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधतात. साड्यांच्या ढिगात बसून लहानपण गेलं, पण ही सिंधी निर्वासितांची वसाहत जिथं उभी आहे तिथं आधी दुसऱ्याच निर्वासितांची छावणी होती, हे मला पंचविशीत कळलं. ती वळिवड्याची छावणी. 1943 ते 1948 या काळात तिथं सुमारे 5000 पोलिश लोक राहिले. 1940 पासून सोव्हिएत सरकारनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत घालून सैबेरियाला, कझाकस्तानला नेली. पुढं सुटका झाली तशी ती इराणमार्गे इकडं आली. बहुतेक बायका आणि मुलं, कारण हाताशी आलेले पुरुष फौजेत गेले होते.

पुस्तक एका लेखकाचं नाही. भारतात वाढलेल्या या मुलांनी पुढं लंडनमध्ये मंडळ केलं, कागद आणि आठवणी गोळा केल्या आणि 2000 साली ते आधी पोलिशमध्ये काढलं. इंग्रजी आवृत्ती नंतरची. अनेक हातांच्या पुस्तकात येतो तो विस्कळीतपणा यातही आहे. सरकारी कागदपत्रांची पानं मी उड्या मारत वाचली, खोटं कशाला बोलू. पण शाळा, स्काउट, चर्च, नाटकं यांच्या आठवणी सुरू झाल्या की पुस्तक खाली ठेववत नाही. आपलं गाव पुन्हा दिसणार नाही हे ठाऊक असलेल्यांनी एका तात्पुरत्या गावाची वंशावळ लिहिली आहे, असं मला वाचताना सारखं वाटत होतं.

मराठीत या छावणीवर जे येतं ते बहुतेक एकाच सुरात: कोल्हापूरनं पाहुण्यांना कसं जपलं. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली तेव्हा तर या सुराला ऊत आला. जपलं हे खरंच. पण छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं, हे त्या लेखांत क्वचित सापडतं. दुसऱ्याच्या घराण्याची गोष्ट वाचतानाही आपण आपलंच नाव शोधत असतो. आण्णा दिंडीत शोधायचे तसं.

मला पुस्तकापेक्षाही जास्त खिळवलं ते त्याच्या मागं असलेल्या वेडानं. पोलिश माणूस घराण्याचा शोध घेतो म्हणजे काय करतो? 1795 ते 1918 त्यांचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला होता. म्हणून पणजोबाची नोंद एका भागात लॅटिनमध्ये, दुसऱ्यात जर्मनमध्ये, आणि वॉर्साच्या बाजूला 1868 पासून रशियनमध्ये. आपल्याला मोडी आडवी येते, त्यांना तीन साम्राज्यं. वळिवड्याला आलेल्या कित्येकांची गावं तर युद्धानंतर पोलंडमध्ये राहिलीच नाहीत. आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. तरी लोक आयुष्यभर शोधतात आणि त्यांना सापडतं, कारण एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या वहीत साध्या कुळवाड्याच्या पोराच्या नोंदीतही बापाच्या नावाशेजारी आईचं नाव असतं, तिच्या माहेरच्या आडनावासकट. तिथून तिच्या बापाकडं जाता येतं, मग तिच्या आईकडं. एक वाट बुजली तर दुसरी असते.

आपल्याकडं गोखले, पटवर्धन, बापट असे छापील कुलवृत्तांत आहेत. मेहनत अफाट, आणि बहुतेक एकाच जातीतल्या घराण्यांचे. मूळपुरुषापासून खाली फांद्या पसरत येतात, बाई मात्र कुणाची तरी पत्नी म्हणून एका ओळीत उरकली जाते. बाकीच्यांच्या वाट्याला आण्णांसारख्यांच्या वह्या. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा गावात जो तो कोतवाल बुकाची नक्कल घेऊन फिरत होता. तिथंही खापरपणजोबाच पाहिजे होता, खापरपणजी नाही.

आणि कागदावर बाई कधी येते? आजोबा गेले तेव्हा वारसनोंदीत दोन्ही आत्यांची नावं लागली. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. दोन महिन्यांत हक्कसोडपत्र झालं आणि नावं पुसली. आण्णांच्या वहीत ती आधीच नव्हती, तेव्हा तिथं काही खोडावं लागलं नाही.

मी टाईप करताना प्रत्येक नावापुढं एक रकाना वाढवला: आई, तिचं माहेर. आण्णा थोडे चिडले, मग आठवू लागले. आजीचं माहेर सांगितलं, पणजीचं पाटस की यवत यात अडकले. त्याच्या वर काही नाही. चाळीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता. शेवटी म्हणाले, "थोरल्या आत्याला फोन लाव, तिला असतंय."

आत्यानं एका दमात सहा बायकांची नावं, गावं आणि कोण कुणाची मावसबहीण ते सांगितलं. मी लिहून घेत होते. मधेच थांबून तिनं विचारलं, "कशाला पाहिजे गं? अजून कुठं सही राहिलीय का माझी?"