रहस्य उलगडल्यानंतर

रहस्यकादंबरीवरून चित्रपट तयार करणे हे काम दुरून पाहणाऱ्याला मोठे सोपे वाटते. कारण इतर कादंबऱ्यांत रूपांतरकाराला जे शोधून काढावे लागते ते, म्हणजे घटनांची साखळी, संशयाचे धागे, एका प्रसंगावरून दुसऱ्यावर ओढून नेणारी गती आणि अखेरचा उलगडा, हे सारे येथे मूळ लेखकाने आयतेच रचून ठेवलेले असते. हा समज किती फसवा आहे हे पटकथा लिहावयास बसलेल्या माणसाच्या पहिल्या दोन पानांतच ध्यानात येते. रहस्यकादंबरीचा सारा व्यवहार लपविण्यावर चालतो आणि चित्रपटाचा सारा व्यवहार दाखविण्यावर. अंधारातून एक आकृती पुढे सरकली एवढे लिहून कादंबरीकार मोकळा होतो. कॅमेऱ्याला मात्र त्या आकृतीची उंची, तिची चाल, तिचे हात आणि तिच्या पायांतील वहाणा दाखवाव्या लागतात, आणि एवढे दाखवूनही ती आकृती कोणाची हे सांगावयाचे नसते. शब्दांना मौन पाळता येते, चित्राला ते सहजी पाळता येत नाही. रूपांतराचे सगळे प्रश्न या दोन माध्यमांच्या स्वभावविरोधातून उद्भवतात, आणि आपल्याकडे ते आजवर कसे सोडविले गेले, किंवा सोडविण्याचे कसे टाळले गेले, याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

या विषयाकडे मी काळाचौकीच्या वाटेने आलो. ज्या वस्तीच्या नावातच काळा रंग आणि पहाऱ्याची चौकी एकत्र नांदतात, त्या वस्तीत, गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या घरांतून वाढलेल्या माझ्या पिढीला रहस्यकथा पाठ्यपुस्तकांच्या बरोबरीने भेटली. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून भाड्याने आणलेले लहानसे पुस्तक रात्रपाळीला जाणाऱ्या काकांनी दुपारी वाचावे, ते कामावर गेल्यावर थोरल्या भावाने गॅलरीतल्या दिव्याखाली बसून संपवावे, आणि सकाळी ते परत जाण्यापूर्वी आम्ही धाकट्यांनी त्याचे शेवटचे पान चोरून पाहावे, असा क्रम ठरून गेलेला होता. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि फिरोज इराणी ही मंडळी आमच्या खोल्यांत आप्तांसारखी वावरत असत. अर्नाळकरांनी एकट्यानेच हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ज्या भाषेत या वाङ्मयाचे एवढे उदंड पीक आले, जिचा वाचक गिरगावपासून लालबागपर्यंत घरोघर होता, आणि ज्या भाषेच्या या राजधानीतच भारतीय चित्रपट लहानाचा मोठा झाला, त्या भाषेत रहस्यकादंबरीवरून निघालेले उत्तम चित्रपट बोटांवर मोजण्याइतकेच का असावेत, हा प्रश्न मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आला आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी जेथे यश आले तेथूनच आरंभ करणे इष्ट होय. राजा परांजपे यांनी 1964 साली दिग्दर्शित केलेला ‘पाठलाग’ हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला होता. पत्नीच्या निधनाने खचलेला एक वकील; तिचाच चेहरा घेऊन, आपणच त्याची पत्नी आहोत असे सांगत गुन्हेगार म्हणून पुढे आलेली एक स्त्री; आणि जिच्या मृत्यूचा शोक अद्याप ओसरलेला नाही तिच्या जिवंतपणाची शहानिशा भर न्यायालयात करण्याची त्या पतीवर आलेली वेळ, एवढ्या सामग्रीतून हा चित्रपट उभा राहिला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात मुख्य भूमिका होत्या, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रपतींचा रौप्यपदक-सन्मान त्याला लाभला.

मी ‘पाठलाग’ प्रथम पाहिला तो लालबागच्या भारतमाता चित्रगृहात, तो पुन्हा लागला तेव्हा, आणि चित्रगृहात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याचे रहस्य मला ठाऊक होते. आमच्या मजल्यावरच्या एका मावशींनी तो पूर्वीच पाहिलेला होता, आणि नळावरच्या रांगेत त्यांनी त्याची समग्र कथा, शेवटासह, सांगून टाकलेली होती. तरीही त्या अंधारात मी श्वास रोखून बसलो होतो. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या मुलाला त्या चित्रपटाने असे खिळवून का ठेवावे, याचा विचार मी पुष्कळ वर्षांनी केला, आणि रूपांतराच्या कलेचे मर्म मला तेथे सापडले असे आजही वाटते.

प्रथम शीर्षकाचाच विचार करावा. ‘आशा परत येते’ हे नाव एक घटना सांगते, आणि जाणत्या वाचकाला पुढच्या वळणाची चाहूल देऊन टाकते. चित्रपटकर्त्यांनी ते बाजूला ठेवून ‘पाठलाग’ हा शब्द निवडला, तेव्हा घटनेच्या जागी एक अवस्था आली; पाठीमागे कोण लागले आहे, मृत पत्नीची स्मृती, की जिवंत स्त्रीचा दावा, की स्वतःचीच शंका, हे त्या शब्दाने मोकळे ठेवले. दोन वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवरून सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट काढला, आणि तेथे तीच अवस्था सावलीच्या प्रतिमेत विसावली. रूपांतरकाराने कथेतील कोणता कण बीज म्हणून उचलला हे या तीन नावांवरूनच कळून येते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दोन स्त्रियांचा चेहरा तंतोतंत सारखा आहे हे कादंबरीत लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करावे लागते, आणि रहस्यकथेचा मुरलेला वाचक लेखकाच्या शब्दावर सहसा विश्वास ठेवीत नाही. पडद्यावर मात्र साक्ष देणारा आपलाच डोळा असतो. एकच अभिनेत्री समोर उभी राहते, आणि पतीची जी पंचाईत तीच आपलीही होते. जिला आपण मृत म्हणून निरोप दिला तीच डोळ्यांनी ओळखू येते, आणि बुद्धी मात्र त्या ओळखीची नोंद घ्यावयास नकार देते. मूळ कादंबरीत जी जागा दुबळी, तीच चित्रपटात बलवत्तर ठरली, आणि हे बळ माध्यमाच्या अंगभूत गुणातून आले. चांगले रूपांतर मूळ कृतीच्या बलस्थानांची नक्कल करण्यात खर्ची पडत नाही. मूळ माध्यमात जे साधणे अशक्य होते ते ओळखून ते त्याच्यावर बांधले जाते.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. जबानी, उलटतपासणी, पुरावा, पंचनामा ही सारी सरकारी दप्तराची भाषा. तिच्या तावडीत संसारातील अत्यंत खाजगी आठवणी सापडतात. पती-पत्नींनाच ठाऊक असलेली एखादी क्षुल्लक गोष्ट, जी एरवी कोणी उच्चारणारही नाही, ती चारचौघांत दस्तऐवजासारखी रुजू होते, आणि ती खरी ठरली तर आनंद मानावा की भय, हे त्या माणसाला उमगत नाही. ही कथा ‘कोण मेले’ या कोड्यापुरती राहिली असती तर मावशींनी नळावर तिचा बोजवारा उडवलाच होता. परंतु आपण ज्या माणसाबरोबर आयुष्य काढले त्याला आपण खरोखर ओळखतो काय, हा तिच्यातला प्रश्न मावशींना सांगून संपविता येण्याजोगा नव्हता.

जगाच्या चित्रपटसृष्टीतही हाच अनुभव येतो. बोआलो आणि नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या 1954 सालच्या कादंबरीवरून अल्फ्रेड हिचकॉक यांनी 1958 मध्ये ‘व्हर्टिगो’ काढला; मेलेली स्त्री आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी स्त्री हाच तिचाही विषय. कादंबरीकारांनी रहस्य शेवटपर्यंत मुठीत ठेवले होते. हिचकॉक यांनी ते अखेरीच्या पुष्कळ आधी प्रेक्षकांच्या स्वाधीन करून टाकले, आणि नायकाला तेवढे अजाण ठेवले. धक्क्याची क्षणिक किंमत सोडून देऊन त्यांनी त्याच्या मोबदल्यात दीर्घकाळ पुरणारी व्याकुळता विकत घेतली. रहस्य हे भांडवल आहे, ते केव्हा खर्चावे हे ठरविण्याचा अधिकार रूपांतरकाराचा आहे, आणि तो अधिकार वापरण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही त्याने या वाटेला जाऊ नये, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

बंगाली चित्रसृष्टीने आपल्या रहस्यकथेला जो मान दिला तो पाहिला म्हणजे आमची उणीव अधिक टोचते. सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकाने शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशावर 1967 साली ‘चिडियाखाना’ काढला, आणि पुढे स्वतःच्या फेलूदाला ‘सोनार केल्ला’मध्ये पडद्यावर आणले. तेथे रहस्यकथा विद्वानांच्या घरातही दिवाणखान्यात बसली. आमच्याकडे ती उशीखालीच राहिली. समीक्षकांनी तिला वाङ्मयाच्या पंक्तीला घेतले नाही, आणि चित्रपट-व्यावसायिकांनी तिच्यातून फार तर एखादी युक्ती उचलली. तिच्यातील शहर, तिच्यातील भूक, तिच्यातील भय यांची दखल दोघांनीही घेतली नाही.

आणखी एक गोष्ट खेदाने नमूद करावीशी वाटते. मराठी लेखणीतून उतरलेला काळोख मोठ्या पडद्यावर वारंवार हिंदीत बोलला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी 1983 मध्ये ‘अर्धसत्य’ काढला. फौजदार अनंत वेलणकर नखशिखान्त मराठी माणूस, पण त्याचा संताप हिंदीतून प्रकट झाला. नारायण धारप यांच्या भयकथेचा आधार घेणारा, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला. कोकणचा पाऊस, ढासळता वाडा आणि पिढीजात लोभ यांचे जे ओले, कुंद दर्शन त्यात घडले ते अपूर्व होते, आणि 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी पहिल्या वेळेपेक्षा मोठी गर्दी केली. शेवट ठाऊक असलेले लोक पुन्हा आले, ही गोष्ट माझ्या प्रतिपादनाला पोषक आहे. तथापि ज्या भाषेत त्या काळोखाचा जन्म झाला ती भाषा त्या पडद्यावर परकी राहिली, याचे शल्य उरतेच.

मराठीत अलीकडे आशा वाटावी असा प्रयत्न शिरवळकरांच्या ‘समांतर’वरून झाला. सतीश राजवाडे यांनी 2020 मध्ये ती कादंबरी मालिकेच्या रूपात आणली. एका माणसाचे भविष्य दुसऱ्याच्या रोजनिशीत आधीच लिहिलेले असून ती रोज एकेक पान वाचावयाची, ही तिची कल्पना भागाभागांनी उलगडणाऱ्या मालिकेला जन्मतःच अनुकूल होती. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात त्या रोजच्या पानाचे ओझे जाणवले नसते. कोणत्या कादंबरीला कोणता आकार मानवतो याचा विचार येथे झाला, आणि ही जाण वाढत गेली तर पुष्कळ काही साध्य होईल.

परंतु माझ्या मनातील खरी अपेक्षा आणखी पुढची आहे, आणि ती पुन्हा काळाचौकीपाशी येते. रहस्यकथेने आजवर ओसाड वाडे, धुक्यातले बंगले आणि लांबच लांब जिने मागितले. तेथे काळोख स्वस्तात मिळतो. चाळीत मात्र काळोखालाही जागा नसते. भिंतीला भिंत लागलेली, दारे उघडी, नळ सामायिक. कोणाच्या घरी काय शिजले हे वासावरून आणि कोण किती वाजता आला हे जिन्याच्या पायऱ्यांवरून कळणार. अशा ठिकाणी रहस्य नांदणार कसे, असे कोणी विचारील. माझ्या अनुभवाने सांगतो, की तेथे ते अधिक घोर रूपाने नांदते. वाड्यातले रहस्य एकट्याने लपविलेले असते. चाळीतले रहस्य सर्वांना माहीत असते आणि सर्वांनी मिळून ते न बोलण्याचे ठरविलेले असते. शोध घेणाऱ्या फौजदाराला तेथे पुराव्याचा तुटवडा भासत नाही, साक्षीदाराचा भासतो.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली, आणि त्यानंतरच्या वर्षांत आमच्या गल्ल्यांतून अशा मौनांची संख्या वाढत गेली. ज्या घरातला मुलगा रात्री उशिरा येऊ लागला आणि ज्याच्या खिशात पैसे खुळखुळू लागले, त्या घराकडे पाहून मजला नजर खाली घालीत असे. जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात हे गिरणगावचे कोसळणे रंगभूमीवर आणले, आणि त्यावरून महेश मांजरेकर यांनी 2010 मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. नाटकातली एक खोली चित्रपटात विस्तारून रस्ता झाली, हिंसेला वाव मिळाला, आणि तिचे दृश्यरूप अंगावर आले. परंतु मला वाटते, त्या एका खोलीत दडपलेले जे शब्द होते त्यांचे वजन रस्त्यावरच्या गोळीच्या आवाजात काहीसे हरवले. ‘अधांतर’ ही रहस्यकथा नव्हे. तरीही आपल्याकडे जी काळोखी रहस्यकादंबरी लिहिली जावी आणि जिचा चित्रपट व्हावा तिचे सारे द्रव्य त्या खोलीत आहे.

आज त्या खोल्याच दुर्मीळ होत आहेत. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, भोंगे थांबले, आणि चाळींच्या जागी बंद दारांच्या इमारती आल्या. जेथे शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नाही तेथे रहस्याची जातही बदलेल. म्हणूनच ज्यांच्या कानांत जिन्याच्या पायऱ्यांचे आवाज अद्याप शिल्लक आहेत त्या लेखकांनी ते कादंबरीत आणावेत, आणि दिग्दर्शकांनी त्यांच्याकडे गुन्हेगाराचे नाव मागण्यासाठी न जाता, ते नाव ठाऊक असूनही जे गप्प राहिले त्यांचे चेहरे मागण्यासाठी जावे. चेहरा दाखविणे हे तर कॅमेऱ्याचे जन्मसिद्ध कार्य आहे, आणि बोलावेसे वाटूनही न बोलणाऱ्या चेहऱ्याइतके गूढ त्याला दुसरे काही मिळावयाचे नाही.

असा चित्रपट भारतमातेत लागेल तेव्हा नळावरच्या कोण्या मावशींनी त्याचा शेवट आधीच सांगून टाकला तरी माझी तक्रार असणार नाही. तिकीट काढून मी आत जाऊन बसेन. आणि खात्री आहे, की सांगून झालेल्या त्या मावशीही शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्यांदा येऊन बसलेल्या असतील.