साध्या रसांची पारख

वाङ्मयीन अभिरुचीविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात काही आनंदांना कायम ओसरीवरच बसवले जाते. रहस्यकथा प्रवासात वाचायची, लोककथा मुलांना निजवताना सांगायची आणि घरचे साधे जेवण हा तर चर्चेचा विषयच नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चोखंदळ वाचकही रहस्यकथा वाचल्याचे सांगताना किंचित ओशाळतो आणि 'विरंगुळा म्हणून' अशी पुस्ती जोडतो. आम्हांला ही पुस्ती अनावश्यक वाटते. या तिन्ही गोष्टींत आनंद आहे, हे कोणीही मान्य करील. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. या आनंदालाही कसोटी आहे, ती कडक आहे आणि तिघांची कसोटी एकच आहे. साध्या रचनेत लबाडी लपत नाही, ही ती कसोटी.

प्रथम रहस्यकथा घेऊ. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील कॅथलिक धर्मगुरू. लॅटिन बायबलचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि रहस्यकथाही लिहिल्या. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यांत थट्टेचा सूर आहे, पण नियम खरे आहेत. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या ओळखीचा झाला पाहिजे. गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको. जुळा भाऊ आयत्या वेळी अवतरता कामा नये. दैवी चमत्काराने कोडे सोडवता येणार नाही. चमत्कारांवर श्रद्धा असलेल्या एका धर्मगुरूने कथेतून चमत्कार वर्ज्य करावा, यात विसंगती नाही. वाचकाला दिलेला शब्द पाळावा, एवढाच त्याचा आग्रह आहे. धागे सर्वांसमोर मांडायचे आणि तरीही उलगडा शेवटपर्यंत राखायचा, हे काम दिसते तितके सोपे नाही.

मराठीत हा वाचक घडवण्याचे मोठे श्रेय बाबूराव अर्नाळकरांचे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. टोपणनावात मात्र वसई किनाऱ्यावरचे अर्नाळा आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे अनेक घरांत आप्तांसारखी वावरली. समीक्षेने त्यांची दखल घेतली ती बहुधा संख्येपुरती. इतक्या वेगाने लिहिणाऱ्याची पात्रे ठशाची होतात आणि योगायोग वाढतात, हा आक्षेप आम्हांलाही मान्य आहे. परंतु लहान वाक्य, वेगवान संवाद आणि पान उलटायला लावणारा प्रकरणाचा शेवट यांमुळे अक्षरओळख नुकतीच झालेला माणूसही पुस्तक संपवू शकला. पुढे ज्यांनी गंभीर साहित्य वाचले, त्यांतील कित्येकांनी पुस्तक संपवण्याची सवय येथेच लावून घेतली, हे विसरता येत नाही.

या प्रकाराची उंची पाहायची असेल, तर जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनकडे जावे. या बुटक्या, गबाळ्या धर्मगुरूच्या कथांचा पहिला संग्रह १९११ साली आला. फादर जॉन ओकॉनर यांच्यावरून हे पात्र लेखकाला सुचले आणि त्याच ओकॉनरांनी १९२२ साली चेस्टरटन यांना कॅथलिक चर्चमध्ये सामावून घेतले. या संग्रहातील 'दि इन्व्हिजिबल मॅन' ही कथा आम्हांला विशेष मोलाची वाटते. कथा शतकाहून जुनी असल्यामुळे तिचे रहस्य सांगण्यास हरकत नसावी. एका इमारतीच्या दारावर चार माणसांची नजर आहे. आत कोणीही गेले नाही, असे चौघेही शपथेवर सांगतात; तरी आत खून होतो. गेलेला असतो तो टपालवाला. तो सर्वांना दिसला होता, पण 'कोणी' म्हणून त्याची गणती कोणीच केली नव्हती. चौघे खोटे बोलत नाहीत, हे या कथेतले भयंकर सत्य आहे. रोजच्या सेवेतला माणूस आपल्या डोळ्यांना दिसेनासा होतो. उलगडा होताच वाचकाच्या लक्षात येते, की लेखकाने काहीच दडवले नव्हते आणि आपणही त्या चौघांत होतो. नीतीचा एवढा मोठा विचार येथे एकाही प्रवचनाशिवाय सांगितला आहे.

रहस्यकथेत शेवट ठाऊक नसतो. लोककथेत तो आधीच ठाऊक असतो. तरीही मूल तीच गोष्ट पुन्हा मागते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात कावळ्याचे वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी बाळाची एकेक कामे सांगत त्याला थांबवून ठेवते. सांगणाऱ्याने त्यांतले एक काम गाळले, तर मूल तत्काळ हटकते. इतका जागरूक समीक्षक कोणत्या कादंबरीकाराच्या वाट्याला आला आहे? या गोष्टीत एक बोचही आहे. भिजणाऱ्या शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवणारी चिमणी नीटनेटकी आहे, पण दयाळू आहे काय? काही घरांत कावळ्याला शेवटी चुलीपाशी बसवतात आणि त्याला चटका बसतो. मुलांच्या छापील पुस्तकांत हा शेवट पुष्कळदा गोड केलेला असतो. आम्हांला हा गोडवा लबाडीचा वाटतो. शेजारी कोण, हा प्रश्न मुलाच्या मनात उठू द्यायचा असेल, तर ती बोच राहिली पाहिजे.

आणि ती चूल. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा शास्त्रीय अभ्यास केला आणि 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तकही लिहिले. दोन्हींकडे त्यांची एकच दृष्टी होती, असे आम्ही मानतो. पाककृतीदेखील तोंडी परंपरेनेच चालत आलेली असते; तिलाही पाठभेद असतात. साधे जेवण या विशेषणाने मात्र फसू नये. वालाचे बिरडे साधे म्हणवते, पण वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते ताटात येते. तांदळाची भाकरी उकड नीट मळली नसेल तर कडेला चिरते. पेजेत तांदूळ, पाणी आणि मीठ एवढेच असते. तांदूळ जुनाट वासाचा असेल, तर तो झाकायला तेथे काही नाही. मेजवानीच्या रश्शात पुष्कळ दोष बुडून जातात. पेजेत एकही बुडत नाही.

येथे कोणी म्हणेल, की अशाने सर्वच साध्या गोष्टी थोर ठरतील. तसे आम्ही म्हणत नाही. शेवटच्या प्रकरणात जुळा भाऊ आणणारी रहस्यकथा, बोच काढून टाकलेली लोककथा आणि बेपर्वाईने उकडलेली भाजी ही तिन्ही वाईटच. साधेपणा हा गुण नाही. ती एक अट आहे, आणि ती पाळून जे उतरते तेच सरस. त्याचप्रमाणे महाकाव्याची जागा अर्नाळकर घेतील, असाही आमचा दावा नाही. परंतु ज्याला पेजेतला तांदूळ ओळखता येत नाही, त्याने पक्वान्नाची परीक्षा करावी काय, एवढेच आम्ही विचारतो.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. रहस्यकथा निदान छापली गेली आहे. आपल्या सामवेदी आणि वाडवळी बोलींतल्या गोष्टी, त्यांचे ठेके आणि त्यांच्या शेजारी शिजलेले पदार्थ हे पुष्कळसे अजून माणसांच्या मुखी आणि हाती आहेत. या बोलीची आणि या जेवणाची पाहुण्यांसमोर लाज वाटून कित्येक घरांनी त्या गोष्टी सांगणेच थांबवले. सांगणारी गेली की तिच्याबरोबर पाठही जातो. गोष्टी कोणाला येतात, असे घरोघर विचारले तर 'कोणालाच नाही' असे उत्तर प्रामाणिकपणे मिळेल, आणि ते चेस्टरटनच्या चार पहारेकऱ्यांच्या उत्तरासारखेच असेल. गोष्ट ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत, बोच न काढता, सांगणारीच्या नावानिशी लिहून ठेवावी; आणि ती सांगताना चुलीवर काय होते, तेही त्याच पानावर लिहावे. समीक्षेची सुरुवात तेथून करता येईल.