सुईणीला काय मिळाले?

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. भूक, अपमान, वेदना, विद्रोह, नकार हे शब्द आपल्या समीक्षेत आता इतके रुळले आहेत की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ते न अडखळता लिहितात. मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच लिहायला शिकवले. 'दलित साहित्यातील आई' या विषयावर मी तीन-चार ठिकाणी बोललो आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. त्या व्याख्यानात काय नव्हते, ते मला जऊळक्यात कळले.

जऊळका हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले गाव. अकोला-पूर्णा लोहमार्गावर स्टेशन आहे म्हणून लोक जऊळका रेल्वे म्हणतात. भोवती सोयाबीन आणि तूर. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातले जे जिल्हे 'आकांक्षित' ठरवले त्यांत महाराष्ट्रातले चार आहेत आणि वाशीम त्यांपैकी एक. पूर्वी अशा मुलखाला सरळ मागास म्हणत. शब्द बदलला की माणसाला बरे वाटते असा सरकारचा समज दिसतो. शब्दांचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

वर्षावासात विहारात बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे वाचन असते. ते संपले की आम्ही दहा-पंधराजण थांबतो आणि आपल्यातल्या एखाद्या लेखकाचे चार पाने वाचतो. त्या संध्याकाळी बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मधली बाळंतपणाची पाने निघाली. हे लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. महारवाड्यातली अडलेली बाई, सुईणींचे अडाणी उपचार, बाळंतपणानंतरची उपासमार, हे सगळे त्यात आहे. वाचून झाल्यावर मी माझे नेहमीचे बोललो. वेदनेचे दस्तऐवजीकरण, दुहेरी दास्य, वगैरे. मागच्या भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. त्या जवळच्या वस्तीवर आशा स्वयंसेविका आहेत. त्यांनी विचारले, "सर, हे सारं खरं हाय. पन त्या सुईणीले काय भेटलं?"

मला उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे हे पुस्तक आपण वाचतो, शिकवतो, त्यावर प्रबंध लिहितो. अडलेल्या बाईसाठी आपण हळहळलो. सुईणीच्या अडाणीपणाबद्दल आपण, म्हणजे शिकलेल्या पिढीने, थोडी मानही खाली घातली. पण रात्री-अपरात्री उठून दुसऱ्याच्या झोपडीत जाणाऱ्या त्या बाईच्या घरी तेव्हा चूल कोणी पेटवली, तिच्या पदरात सकाळी काय पडले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारलाच नाही. तो विचारायला त्याच कामावर पोट असलेली बाई लागली.

मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यातही बाळंतपण आहे. अंगावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख तिने धर्माच्या ठेकेदारांपुढे मांडले. म्हणजे दलित स्त्रीच्या लेखनात बाळंतपण हा विषय पहिल्यापासूनच आहे. बाळंतिणीची सेवा करणारी बाई मात्र कथेच्या कडेलाच उभी राहिली. असे का व्हावे? माझे उत्तर स्पष्ट आहे. आपण कष्टाचे साहित्य वाचले, कष्टाच्या मोलाचे वाचले नाही. आईचे राबणे आपल्याला काव्यमय वाटले. आईचा हिशोब वाटला नाही.

पुरुषांच्या आत्मकथनांत आई मुलाच्या डोळ्यांनी दिसते. मुलगा शिकतो आणि आई राबते. मुलाला नोकरी लागेपर्यंत घर कसे तगले, कोणाचे किती देणे होते, आजारपणात काय विकले, याचे तपशील ओझरते येतात आणि जातात. स्त्रियांच्या आत्मकथनांत जमाखर्च जास्त आहे, हे मी आता नव्याने वाचताना पाहतो आहे. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही नोकरी आणि लेकरे दोन्ही सांभाळणाऱ्या बाईची कथा आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मधली आई आयदाने विणून घर चालवते आणि लेखिका स्वतः नोकरी, संसार आणि शिक्षण एकाच वेळी ओढते. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये संस्कृतची पदवी हातात असूनही नोकरीसाठी झिजावे लागलेले उंबरठे आहेत. आणि बेबी कांबळे? त्यांनी फलटणला किराणा दुकान चालवले आणि दुकानात बसून घरच्यांपासून लपवत लिहिले. एका हाताला गिऱ्हाइकाचे पैसे आणि दुसऱ्या हाताला लेखणी. आपल्या समीक्षेने लेखणी पाहिली.

आता त्या आशाताईंविषयी. नाव लिहीत नाही, त्यांची तशीच इच्छा आहे. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. नवऱ्याचे काम हंगामी. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. पुढून गावाची नोंद: गरोदर माता, बाळंतपणाच्या तारखा, बाळाचे वजन, लसी, भेटी. ही पाने त्यांनी मला दाखवली नाहीत आणि ते बरोबरच केले; गावातल्या बायकांचे खासगी त्यात आहे. वही उलटी करून मागची पाने मात्र दाखवली. मागून घरची नोंद आहे. बचत गटाचा हप्ता, किराणा उधार, पोराची वह्या-पुस्तके, मोबाइलचा रिचार्ज (हा कामासाठी, पण पदरचा), रात्री एका बाईला दवाखान्यात नेले तेव्हाचे ऑटोभाडे. उजव्या कडेला एक रकाना आहे, त्यावर लिहिले आहे 'येणं'. त्या रकान्यात जागोजागी एकच शब्द येतो: 'येईल'. कोठे 'दिवाळीपर्यंत येईल', कोठे 'बाईंनी सांगितले येईल'. मी भाषेचा मास्तर आहे. एवढा भविष्यकाळ मी दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

आशा योजना एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई. ती त्याच गावची रहिवासी हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. योजनेच्या इंग्रजी नावात तिला कार्यकर्ती म्हटले आहे. मराठीत येताना ती 'स्वयंसेविका' झाली. हे भाषांतर नजरचुकीचे नाही. अशीच गोष्ट आधीही घडलेली आहे. २ ऑक्टोबर १९७७ पासून खेड्यांत जो आरोग्यसेवक नेमला गेला त्याला महिना ५० रुपये मिळत. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याचे नाव आधी 'स्वयंसेवक' आणि मग 'मार्गदर्शक' असे बदलत गेले. सेवकाला पगार मागता येतो. स्वयंसेवकाला कसा मागता येईल?

म्हणून आशांना पगार नाही. त्यांना 'मोबदला' आहे आणि 'मानधन' आहे. मोबदला कामागणिक. संस्थेत बाळंत झालेल्या आईच्या आणि बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, म्हणजे सहा भेटी. त्यांचे मिळून २५० रुपये. २०११ मध्ये हा दर ठरला तेव्हाच्या अटींत एक अट अशी होती की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघेही सुखरूप असावेत. ही अट मी दोनदा वाचली. घरात मूल दगावले, बाई त्या घरी रडून परत आली, तर तिच्या फेऱ्यांची मोजदाद होत नाही. मृत्यूचा तोटा कोणाच्या खात्यावर टाकला आहे ते पाहा.

मी त्या संध्याकाळी उत्साहाने म्हणालो की हे बलुतेच आहे. दया पवारांनी १९७८ मध्ये पुस्तकाला जे नाव दिले त्यात हाच अर्थ होता: बारा महिने, चोवीस तास गावकीची बांधिलकी आणि त्याबदल्यात हक्काचा पगार नव्हे, तर वाटा, तोही देणाऱ्याच्या मर्जीचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले तेव्हा त्यांचा आक्षेप हाच होता की कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदल्याची खात्री नाही आणि वतनदार हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. आशाताईंना ताप आला की त्यांची मुलगी मोबाइलवर माहिती भरते. मला साम्य अगदी बिनतोड वाटले.

त्यांना वाटले नाही. "बलुतं म्हनू नका सर. बलुतं मांगाले दारोदार जा लागे. आमी मुंबईले गेलतो, आझाद मैदानावर बसलतो."

येथे माझी चूक मला मान्य केली पाहिजे. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा आणि त्यांच्या गटप्रवर्तक ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या. दरमहा ७ हजार रुपये वाढीचे आश्वासन मिळाले. लेखी आदेश निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून त्या पुन्हा संपावर गेल्या. मार्चमध्ये राज्याने ५ हजारांची वाढ दिली आणि ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू केली. सात आणि पाच यांतला फरक आपल्या ताईंनी वहीत टिपून ठेवला आहे. वतनदार महाराला असा संप करता येत नव्हता. शिवाय आशा सगळ्या दलित नाहीत; मराठा, कुणबी, बंजारा, मुसलमान, आदिवासी, सगळ्या त्या मैदानावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. बलुत्यात जात ठरलेली होती, येथे ती ठरलेली नाही. साम्य दिसले की लगेच प्रतीक करून टाकायचे, ही आपल्या समीक्षेची खोड आहे. प्रतीक झाले की माणसाचे पुढचे बोलणे ऐकावे लागत नाही.

तरीही एक गोष्ट उरतेच. संपाने दर वाढला, नाते बदलले नाही. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना उपदान कायदा लागू होतो असे म्हटले. आशा त्या निकालात नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. मान मिळाला तो असा. धनाचे सांगायचे तर, दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशेला एकरकमी २० हजार मिळत होते, ते केंद्राने २०२५ मध्ये ५० हजार केले आणि महिन्याची ठरावीक रक्कम २ हजारांवरून ३५०० केली. वाढ आहे, नाही कोण म्हणतो? पण निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. पतपेढीत कर्ज मागायला गेले की पगारपत्रक मागतात. मानधनाचे पगारपत्रक नसते. मग घर सावरण्याची सगळी भिस्त बचत गटावर आणि सोयाबीनच्या भावावर.

१९२८ मध्येच, २८ जुलैला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी होता. आज गावातल्या प्रत्येक बाळंतिणीची विश्रांती जी बाई सांभाळते तिच्यासाठी तोच युक्तिवाद पुढे न्यायला काय हरकत आहे? जयंतीच्या भाषणांत हे भाषण मी फारसे ऐकलेले नाही.

माझ्या बाबतीत सांगायचे तर माझा पगार एक तारखेच्या आसपास खात्यात पडतो. माझा निधी कापला जातो, घराच्या कर्जासाठी बँकेने मला खुर्ची दिली. 'आईचे कष्ट' यावर बोलताना माझा आवाज का भरून येतो, याचा मी आता जरा संशयाने विचार करतो. ज्याची महिन्याची बेगमी झालेली असते त्याला कष्टांत सौंदर्य दिसू शकते.

आशाताईंच्या मुलीला नर्सिंगला जायचे आहे. आईसारखेच काम, पण पगाराचे. वहीच्या शेवटच्या पानावर अकोल्याच्या खर्चाचा अंदाज मांडला आहे: प्रवेश, वसतिगृह, जाणे-येणे, गणवेश. बेरीज करून खाली रेघ मारली आहे. रेघेखाली आधी काहीतरी लिहून खोडले आहे आणि मग पेन्सिलीने, पुसता येईल असे, गटातून किती, माहेरून किती, मानधनातून किती, असे तीन आकडे. मधला आकडा मोठा आहे. मी विचारले, भावाला विचारले का? म्हणाल्या, "अजून नाई."

पुढच्या पौर्णिमेला 'आयदान' वाचायचे ठरले होते. त्या दिवशी त्यांचे सर्वेक्षण निघाले, त्यामुळे वाचन पुढे ढकलले आहे. त्या असल्याशिवाय सुरू करायचे नाही, असे बाकीच्या बायकांनी मला सांगून टाकले आहे.