आतड्यातील जिवाणू, मानवी पेशी आणि ‘जीवनशैली’ची वर्गवारी : एक चिकित्सा

मानवी आतड्यातील जिवाणूंविषयी गेल्या दीड दशकात झालेल्या संशोधनात ‘जीवनशैली’ ही संज्ञा मध्यवर्ती ठरली आहे. अन्नसंकलन करणारे, शेती करणारे आणि शहरी-औद्योगिक असे वर्ग कल्पून त्यांतील माणसांच्या जिवाणूंची तुलना केली जाते. हे भिन्न जिवाणू मानवी पेशींवर कोणता परिणाम करतात, असा प्रश्न त्यापुढे विचारला जातो. प्रश्न मोलाचा आहे. प्रस्तुत लेखातील आक्षेप आहे तो वर्गवारीवर.

आलापल्ली परिसरातील एखादे माडिया कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरात रेशनचा तांदूळ असतो, कोसरी असते, हंगामात मोह आणि बांबूचे कोंब असतात. दुकानातला बिस्किटाचा पुडाही असतो. मुलगा आश्रमशाळेत जेवतो. ताप आला की आरोग्य केंद्रातील गोळ्या घेतल्या जातात. हे कुटुंब उपरोक्त तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात बसवायचे?

भारतातील आदिवासींच्या जिवाणूंचा एक महत्त्वाचा अभ्यास 2015 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. आसाम, मणिपूर, सिक्कीम आणि तेलंगणा येथील 15 जमाती त्यात होत्या. आलापल्लीजवळच्या अहेरीपासून प्राणहिता ओलांडली की तेलंगणाच लागतो; मात्र नदीच्या अलीकडचा महाराष्ट्र त्या यादीत नाही. या सर्व जमातींत ‘प्रिव्होटेला’ या जिवाणूचे प्राबल्य आढळले, आणि भूगोल व आहार यांचा प्रभाव ठळक दिसला. असे असूनही अभ्यासाची मांडणी ‘मंगोलॉइड’ व ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ या जुन्या वंशवाचक चौकटीत केलेली आहे. निष्कर्ष आहाराकडे बोट दाखवतात, तर चौकट वंशाकडे. ही विसंगती अभ्यासकांना खटकली नाही, याचे नवल वाटते.

शिवाय जिवाणूंची यादी म्हणजे परिणाम नव्हे. पेशीला जिवाणूचे नाव कळत नाही. तिला कळतात ती त्याने निर्माण केलेली द्रव्ये. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे ते मुख्य इंधन होय. तेच द्रव्य हिस्टोनवरील रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना रोखते आणि त्यामुळे कोणती जनुके चालू राहावीत यात हस्तक्षेप करते. नियामक टी-पेशींच्या वाढीस ब्युटिरेट साहाय्यभूत ठरते, हे उंदरांवरील प्रयोगांतून 2013 मध्ये दाखवले गेले.

माणसांमधील पुरावा पाहायचा तर 2015 चाच ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील प्रयोग अधिक बोलका आहे. 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतील 20 ग्रामीण व्यक्ती यांच्या आहारांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. तंतुमय आहार मिळालेल्या अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली, अस्तरपेशींच्या विभाजनाचा वेग व दाहाच्या खुणा घटल्या. आफ्रिकन गटात नेमके उलट घडले. माणसे तीच, वंश तोच. केवळ ताट बदलले. ‘जीवनशैली’ हा जन्मजात गुण असल्यासारखे लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा वाचावा.

परीक्षानळीतील प्रयोगांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. 2019 मध्ये ‘एमसिस्टिम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच निरोगी व्यक्तींचे जिवाणू-समूह आतड्याच्या अस्तरपेशींसोबत वाढवले गेले, आणि त्यामुळे हजारो जनुकांचे कार्य बदलले. कॉलिन्सेला हा एकच जिवाणू कमी-अधिक प्रमाणात मिसळल्यानेही पेशींचा प्रतिसाद पालटला. पद्धत प्रशंसनीय आहे. तथापि आतड्यातील बहुतेक जिवाणूंना प्राणवायू मानवत नाही आणि पेशींना त्यावाचून चालत नाही. त्यामुळे असा सहवास अल्पकाळाचाच ठरतो. शरीरात या दोहोंमध्ये श्लेष्माचा थर असतो. काही तासांच्या सहवासावरून आयुष्यभराच्या आरोग्याचे अनुमान काढणे धाडसाचे होय.

प्रिव्होटेलाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांना नव्याने संधिवात जडलेल्या रुग्णांत ‘प्रिव्होटेला कोप्री’ अधिक आढळला आणि तो संशयित ठरला. तोच जिवाणू ग्रामीण भारतातील निरोगी माणसांत विपुल आहे. 2019 मध्ये असे स्पष्ट झाले की ज्याला एक नाव दिले होते तो प्रत्यक्षात चार वेगळ्या शाखांचा समूह आहे. पाश्चात्त्य जीवनपद्धती न स्वीकारलेल्या लोकांत बहुधा या शाखा एकत्र नांदतात. म्हणजे एका ठिकाणी आरोपी, दुसऱ्या ठिकाणी आरोग्याचे लक्षण! त्यामुळे आदिवासींच्या आतड्याला ‘मानवाचा हरवलेला ठेवा’ म्हणून गौरवणारी भाषा मला तितकीच संशयास्पद वाटते. तीत गौरव आहे, पण माडिया माणूस आजचा नाही, कालचा आहे, असे गृहीतकही आहे.

आलापल्ली परिसरात असा अभ्यास व्हायचाच असेल तर त्याची संधी आश्रमशाळेत आहे. सुट्टीत घरचे जेवण आणि सत्र सुरू झाल्यावर वसतिगृहाचे जेवण : एकाच मुलाच्या शरीरात ही अदलाबदल दरवर्षी आपोआप होते. टांझानियातील हाडझा लोकांचे काही जिवाणू पावसाळ्यात दिसेनासे होऊन कोरड्या ऋतूत परततात, हे 2017 मध्ये आढळले आहे. तेव्हा एकदाच गोळा केलेल्या नमुन्यांवर विसंबणे येथेही चालणार नाही. नमुन्यांसोबत ताटाची, तापाची आणि घेतलेल्या गोळ्यांची नोंदही हवी.

अॅरिझोनातील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त अन्य संशोधनासाठीही वापरले गेले. तो वाद 2010 मध्ये तडजोडीने मिटला. विष्ठेच्या नमुन्यांबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. मुलाच्या घरची बोली माडिया, शाळेची भाषा मराठी आणि संशोधकाची इंग्रजी. संमतीपत्र कोणत्या भाषेत लिहायचे, आणि नमुना पुढे कोणत्या शीतपेटीत, किती वर्षे राहणार हे पालकांना कोणी सांगायचे, हे पहिला नमुना घेण्यापूर्वीच ठरले पाहिजे.