मशीन चांगलं, पण कशापेक्षा?

तुलनेवर आधारलेला पेपर कसा वाचायचा हे शिकायचं असेल, तर थॉमस फुजिवारा यांचा ब्राझीलवरचा पेपर जरूर वाचा. तो २०१५ साली 'इकॉनोमेट्रिका'त आला. ईव्हीएम की मतपत्रिका, या आपल्याकडच्या वादात तो कितपत वापरता येतो, ते बघू.

१९९८ साली ब्राझीलमध्ये मोजकी राज्यं सोडली तर नियम असा होता: ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांना मशीन, बाकीच्यांना कागद. आता ४०,००० आणि ४१,००० मतदारांच्या गावांत एरवी असा काय मोठा फरक असणार? म्हणजे निकालात एकदम उडी दिसली, तर ती मशीनमुळे. यालाच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. उडी दिसलीही. कागदावर कोरी किंवा बाद जाणारी, शंभरातली दहाहून जास्त मतं मशीनमुळे मोजली गेली. पेपरचा हा भाग भक्कम आहे.

पण हे घडलं कशामुळे? तिथल्या कागदावर मतदाराला उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक स्वतः लिहावा लागायचा. लिहिता न येणाऱ्याचं मत तिथेच अडकायचं. मशीनवर क्रमांक दाबला की उमेदवाराचा फोटो दिसतो. आपल्या मतपत्रिकेवर मात्र चिन्हं छापलेली असायची, शिक्का मारला की झालं. त्यामुळे ब्राझीलचा आकडा उचलून इथे लावता येत नाही.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. शीर्षकात 'मतदानाचं तंत्रज्ञान' असं म्हटलंय, पण तपासलं गेलं ते एक पॅकेज: फोटो, कीपॅड, चुकलं तर सूचना. नुसती चित्रं छापलेल्या कागदानं यातलं किती साधलं असतं, हे या डिझाइनमधून वेगळं काढता येत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याच्या निष्कर्षाबद्दल. सरकारी आरोग्यखर्च वाढला आणि कमी शिकलेल्या आयांची कमी वजनाची बाळं घटली, हा भाग गावांच्या सीमारेषेवर उभा नाही. तो राज्याराज्यांच्या तुलनेतून येतो, आणि राजधानीचा जिल्हा धरूनही राज्यं २७ च. पुरावा आहे, पण पहिल्याइतका घट्ट नाही.

आणि भारतातला खरा वाद तर वेगळाच आहे: झालेली मोजणी पडताळता येते का? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २००९ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. २००५ च्या निवडणुकीत मशीनमध्ये गडबड झाल्याचा पुरावा नव्हता. तरी सामान्य नागरिकाला तज्ज्ञाशिवाय महत्त्वाचे टप्पे तपासता आले पाहिजेत, म्हणून तिथला मशीनचा वापर घटनाबाह्य ठरला. आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवतात. सगळ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. हा निर्णय पटो न पटो, बाद मतं किती घटली यावरून त्याची बाजू घेताही येत नाही आणि त्याला विरोधही करता येत नाही.

या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल, तर आधी 'कागद' म्हणजे काय ते लिहून काढा: खूण कोण करतं, कशी करतं, मोजतं कोण आणि पुन्हा मोजायला कोणाला मिळतं. एवढं स्पष्ट झालं, की कुठला डेटा हवा हे आपोआप कळायला लागतं.